अठरा मिलिमीटरची साक्ष

फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात डोकवावं. ऑटोक्लेव्हच्या वाफेत मिथेनॉलचा वास मिसळलेला असतो, खिडकीत वर्तमानपत्रावर कसला तरी पाला वाळत पडलेला असतो आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं पेट्री डिश उजेडाकडे धरून पट्टीने काहीतरी मोजत असतात. मोजतात तो ‘झोन’. आगरच्या थरावर जंतू पसरायचे, थरात भोक पाडून त्यात पानाचा अर्क भरायचा, डिश रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळपर्यंत जंतू सगळीकडे दाट वाढलेले असतात. अर्काने त्यांना अडवलं असेल तर भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. कडुनिंब, तुळस, पेरू, निर्गुडी, विड्याचं पान. पान दर वर्षी बदलतं, पद्धत तीच राहते आणि प्रबंधाचा शेवटही तोच: अमुक पानात जंतुरोधक गुण आढळले, पुढील संशोधनास वाव आहे. तो वाव सहसा वावच राहतो.

या वर्तुळाची किंमत किती धरायची, यावर दोन माणसं मी समोरासमोर बसवली आहेत. माणसं रचलेली आहेत. त्यांच्या तोंडची मतं मात्र कॉलेजांत आणि दवाखान्यांत सर्रास ऐकू येतात. आत्या पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. भाचा बी.ए.एम.एस., भोरजवळ दवाखाना. दगडी पाल्याचं तेल तो स्वतः काढतो आणि जखमांसाठी आपल्या रुग्णांना देतो. वैद्याने स्वतःच्या रुग्णांपुरतं औषध बनवायला कायद्याची आडकाठी नाही, पण आता त्याला ते रीतसर परवाना काढून बाटलीत भरून विकायचं आहे. त्यासाठी एका कॉलेजातून त्याने पानाची चाचणी करून आणली आहे.

भाचा : शेवटचं पान वाच, आत्या. स्टॅफिलोकोकस ऑरियसविरुद्ध अठरा मिलिमीटर. शेजारी जेंटामायसिनचे बावीस. माझा पाला चार मिलिमीटरनेच मागे आहे. बाटलीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध जंतुनाशक’ छापायला आता काय हरकत आहे?

आत्या : भोक किती मोठं पाडलंय?

भाचा : भोक?

आत्या : कॉर्क बोररने पाडतात ते. आठ मिलिमीटरचं असेल तर तेही या अठरात मोजलेलं असतं. बरं, ते राहू दे. अर्क किती भरला?

भाचा : शंभर मायक्रोलिटर. शंभर मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर.

आत्या : म्हणजे एका भोकात दहा मिलिग्रॅम. आणि जेंटामायसिनच्या चकतीत दहा मायक्रोग्रॅम, इथेच लिहिलंय. हजार पट माल ओतूनही तू मागेच.

भाचा : ते शुद्ध औषध आहे, हा पाल्याचा अर्क आहे. त्यात हरितद्रव्य आलं, साखर आली, क्षार आले, मेण आलं. खरं काम करणारं द्रव्य त्या दहा मिलिग्रॅममध्ये कदाचित दहा मायक्रोग्रॅमच असेल.

आत्या : कदाचित. आणि कदाचित काम करणारं द्रव्य मिथेनॉलच असेल. नुसतं मिथेनॉल भरलेलं भोक कुठे आहे या फोटोत?

भाचा : फोटोत नाही.

आत्या : अहवालातही नाही. मी एक्स्टर्नल म्हणून जायचे तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचे. निम्मी मुलं गप्प व्हायची. नुसतं द्रावक एका भोकात हवं. मिथेनॉल उडवून डीएमएसओत घेतलं असेल तर नुसतं डीएमएसओ हवं. अर्काचा पीएच बघायला हवा, कारण आंबट काहीही ओतलं की बरेच जंतू मागे हटतात. लिंबाच्या रसाचाही झोन येतो, म्हणून कुणी लिंबू सलाइनमध्ये घालत नाही.

द्रावकाचा हा मुद्दा ऐकायला किरकोळ वाटतो, पण पानांच्या चाचण्यांमधला बराचसा गोंधळ इथेच सुरू होतो. दुसरा गोंधळ मिलिमीटरचा. चकती ठेवून झोन मोजायची जी पद्धत रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते ती बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली पक्की केली. तिच्यात सगळं ठरलेलं आहे: मुलर-हिंटन आगर, थराची जाडी ४ मिलिमीटर, जंतूंचा दाटपणा ०.५ मॅकफार्लंड, सहा मिलिमीटरची चकती, चकतीतली औषधाची मात्रा. आणि इतकं ठरवूनही झोनला स्वतःचा अर्थ नाही. अर्थ येतो तो एका तक्त्यातून. अमुक औषधाचा झोन इतक्याहून मोठा असला तर रुग्णाच्या शरीरात पोचणाऱ्या मात्रेने तो जंतू आटोक्यात येईल, असं तो तक्ता सांगतो. त्यामुळे दोन वेगळ्या औषधांचे झोन एकमेकांशी तोलता येत नाहीत. एका औषधाचे १५ मिलिमीटर दुसऱ्याच्या २० पेक्षा चांगले असू शकतात. रेणू लहान आणि पाण्यात विरघळणारा असेल तर तो आगरमधून लांबवर झिरपतो. मोठा, तेलकट असेल तर भोकाच्या काठाशीच अडकतो, मग जंतूंना मारण्यात तो कितीही तरबेज असो. दगडी पाल्याच्या अर्कासाठी असा तक्ता कुणी केलेला नाही. कुठल्याच पानासाठी नाही. कॉलेजात तर चकत्यासुद्धा पुष्कळदा व्हॉटमन कागदातून ऑफिसच्या पंचिंग मशीनने पाडलेल्या असतात.

भाचा : म्हणजे झोन खोटा?

आत्या : खोटा नाही. त्या डिशमध्ये, त्या रात्री, त्या जंतूला कशाने तरी अडवलं, एवढं खरं. ‘कशाने’ आणि ‘किती’ हे त्याला विचारू नकोस. ‘किती’ हवं असेल तर एमआयसी काढ, म्हणजे वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा. छोट्या छोट्या खाचांत अर्क निम्मा-निम्मा पातळ करत न्यायचा, प्रत्येकीत सारखे जंतू घालायचे आणि वाढ कुठे थांबते ते पाहायचं. तुझा अर्क हिरवागार, गढूळपणा डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून रेझाझुरिन घालायचं. जंतू जिवंत असले की निळ्याचं गुलाबी होतं. पण काही पानांचे अर्क जंतूंच्या मदतीशिवायच त्याला गुलाबी करतात, म्हणून जंतू न घातलेली एक ओळ वेगळी ठेवायची. आणि वाढ जिथे थांबली तिथलं थोडं ताज्या आगरवर ओढायचं. उगवलं तर जंतू नुसते थांबले होते, मेले नव्हते. मग ‘जंतुनाशक’ छापता येणार नाही.

भाचा : समजा, एमआयसी मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर आली.

आत्या : मग विसर. स्पेनच्या रिओस आणि रेसिओ यांनी २००५ साली एका लेखात अगदी स्पष्ट लिहिलंय: अर्काला मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर त्याला गुणकारी म्हणू नका, शंभर मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर लक्ष द्या.

भाचा : ते पोटात घ्यायच्या औषधाचं गणित झालं. रक्तात एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर चढवता येत नाही, मान्य. पण मी पाला खायला देतच नाही, जखमेवर लावतो. तुमचं पोव्हिडोन आयोडीन पाच-दहा टक्क्यांचं असतं. दहा टक्के म्हणजे किती? शंभर मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. माझ्या अर्काइतकंच. ते चालतं आणि माझं हास्यास्पद?

आत्या : हे बरोबर बोललास. मग अहवालात जेंटामायसिनशी तुलना कशाला करायला लावलीस? आयोडीनशी करायची. जखमेवर लावायच्या वस्तूची तुलना जखमेवर लावायच्या वस्तूशी.

भाचा : मी नाही सांगितलं, त्यांच्याकडे तीच चकती होती.

आत्या : तेच म्हणतेय मी. फ्रिजमध्ये जी चकती असते ती ठेवली जाते आणि नंतर तिच्याशी शर्यत लागते. आता दुसरं. या अहवालात मिथेनॉलचा अर्क आहे. तुझ्या बाटलीत काय आहे?

भाचा : तिळाचं तेल. पाल्याचा रस घालून सिद्ध केलेलं.

आत्या : म्हणजे तपासलं एक आणि विकणार दुसरं.

भाचा : तेलाची चाचणी करा म्हणालो होतो. म्हणाले, झोन येणार नाही.

आत्या : नाहीच येणार, आगर पाण्याचं असतं. तेलाला जंतूंबरोबर एकत्र हलवून ठरावीक मिनिटांनी थोडं थोडं बाहेर काढायचं, ताज्या आगरवर पसरायचं आणि किती वसाहती उगवतात ते मोजायचं. पाच मिनिटांनी किती उरले, तासाने किती. कंटाळवाणं काम आहे आणि त्याचा फोटो छान येत नाही.

फोटो हे या चाचणीचं खरं आकर्षण आहे, असं मला फार दिवसांपासून वाटतं. सूक्ष्मजीवशास्त्रातल्या फारच थोड्या गोष्टी उघड्या डोळ्यांना, कोणालाही, चटकन पटतात. स्वच्छ वर्तुळ पटतं. फ्लेमिंगची १९२८ सालची पेनिसिलियमची डिश आपण सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेली असते. पण त्या डिशपासून फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या औषधापर्यंत पोचायला लागलेली दहा-बारा वर्षं त्या चित्रात दिसत नाहीत.

आता भाच्याची पाळी.

भाचा : एक सांग. अशा किती प्रबंधांवर तुझी मार्गदर्शक म्हणून सही आहे?

आत्या : पुष्कळ.

भाचा : निरुपयोगी होते तर सह्या कशाला केल्या?

आत्या : मुलांना हात बसावा म्हणून. एनसीएलमधल्या जंतुसंग्रहातून आणलेलं कल्चर मरू न देता महिनाभर सांभाळणं, प्लेट ओतताना झाकण किती उघडायचं, कॉन्टॅमिनेशन आलं की लपवायचं नाही, हे सगळं त्यातून येतं. पाला फुकट मिळतो, रसायनं थोडी लागतात. खेड्यातल्या कॉलेजला याहून स्वस्त प्रयोग नाही. तो व्यायाम आहे. व्यायामाला पदक कशाला म्हणायचं?

भाचा : मग माझं म्हणणं ऐक. मी म्हणतो, चाचणीत चूक नाही, प्रश्नात चूक आहे. तुम्ही पानाला एकच विचारता: जंतू मारतोस का? नाही म्हणालं की नापास. अडुळसा घे. आपल्याकडे खोकल्याला पिढ्यान्‌पिढ्या अडुळशाच्या पानांचा रस देतात. तुझ्या डिशमध्ये त्याचा झोन येवो न येवो, त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन निघालं, त्याच्यापासून अँब्रॉक्सॉल. जगभर कफ पातळ करायला देतात. पानाचं काम कफ सुटा करण्याचं होतं, जंतू मारण्याचं नव्हतंच. तुमच्या एम.एस्सी.च्या मुलांनी अडुळसा तपासून ‘क्रिया अल्प’ असं लिहिलं, तर त्यांनी अडुळशाबद्दल काय सांगितलं?

आत्या : काहीच नाही.

भाचा : माझ्या पाल्याचंही तसंच असेल. जखमेतलं रक्त थांबवत असेल, सूज कमी करत असेल, नवी कातडी लवकर येत असेल. दगडी पाला आणि जखम यांवर उंदरांवरचे प्रयोग १९८०च्या दशकापासून झालेले आहेत, तुलाही माहीत आहेत.

आत्या : आहेत माहीत. तरी तू बाटलीवर ‘जखम लवकर भरते’ असं छापत नाहीस, ‘जंतुनाशक’ छापतोस. प्रश्न चुकीचा म्हणतोस आणि त्याच प्रश्नाचं प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे येतोस.

भाचा : गिऱ्हाइकाला तेच समजतं, काय करू!

इथे माझा कौल थोडा भाच्याकडे झुकतो, त्याच्या बाटलीकडे नाही. अडुळशाचा दाखला पक्का आहे. त्याला एक शेपूटही आहे: १९९६ साली ब्रोमहेक्झिन आणि अँब्रॉक्सॉल क्षयाच्या जंतूवर तपासली गेली तेव्हा काचपात्रात त्यांनी त्याची वाढ रोखलेली दिसली, तीही माध्यमाच्या पीएचवर अवलंबून. म्हणजे ‘कफाचं पान’ आणि ‘जंतूंचं पान’ अशी वाटणी करतानाही जपून राहावं लागतं.

आत्यांनाही प्रश्नाचं महत्त्व ठाऊक आहे. त्यांनी स्वतःहून दारुहळदीचं उदाहरण काढलं.

आत्या : दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन असतं. जंतूंना मारू शकतं, पण स्टॅफिलोकोकस त्याला आत शिरल्या शिरल्या पंपाने बाहेर फेकतो. नोरए म्हणतात त्या पंपाला. अमेरिकेत स्टर्मिट्झ, लुइस वगैरेंनी २००० साली दाखवलं की त्याच झाडांत दुसरं एक द्रव्य असतं, जे हा पंप बंद पाडतं. कुष्ठरोगावर वापरायचे त्या चौलमुगऱ्याच्या तेलात ते आधी सापडलेलं होतं. आता गंमत बघ. हे दुसरं द्रव्य एकटं घेतलं तर जंतूंना काही म्हणजे काही करत नाही.

भाचा : म्हणजे झोन शून्य.

आत्या : शून्य. माझ्या हाताखाली ते आलं असतं तर मी ‘निष्क्रिय’ लिहून बेसिनमध्ये ओतलं असतं. आणि बर्बेरिनबरोबर घातलं की बर्बेरिनचा जोर कितीतरी वाढतो.

भाचा : हेच तर आम्ही म्हणतो. अख्खं पान वापरा, त्याचे तुकडे करू नका.

आत्या : अरे, थांब. हे कळलं ते तुकडे केल्यामुळे! दोन द्रव्यं वेगळी काढली, एकेकटी तपासली, मग एकत्र तपासली, तेव्हा कुठे हे दिसलं. ‘अख्खं पान’ म्हणून कुणी बसून राहिलं असतं तर पंपाचं नावही निघालं नसतं. आणि सगळ्याच पानांत अशी जोडगोळी असते असंही नाही. काहींत एक द्रव्य दुसऱ्याला मारक ठरतं.

भाचा : बरं, चीनचं उदाहरण घे. मलेरियावरचं औषध शोधणारी तू युयु. तिला वाट कुणी दाखवली? चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथाने.

आत्या : दाखवली, खरं आहे. पण कुठली वाट, ते बघ. चिंगहाओ या वनस्पतीचे अर्क त्यांनी आधी काढलेले होते. परिणाम कधी यायचा, कधी नाही. मग तिच्या लक्षात आलं की गे होंग पाला उकळायला सांगतच नाही. पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगतो. उष्णतेने काहीतरी नष्ट होत असणार. म्हणून तिने कमी तापमानाला उकळणारं ईथर घेतलं, अर्कातला आम्ल भाग वेगळा काढून टाकला आणि १९७१च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाचा नमुना मलेरिया झालेल्या उंदरांवर पूर्ण लागू पडला. पुढल्या वर्षी रुग्णांना देण्याआधी तिने आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला. २०१५चं नोबेल त्यावर आहे. तुझ्या अहवालात पाला काय केलाय?

भाचा : सोक्सलेटमध्ये आठ तास.

आत्या : आठ तास कढत मिथेनॉलने धुतला. गावात दगडी पाला कसा लावतात?

भाचा : हातावर चुरगळून. रस सरळ घावावर पिळतात. गवत कापताना विळा लागला की बांधावरच.

आत्या : मग तो ताजा रस तपासायला हवा होता. पानाचा खरा साक्षीदार गावातली बाई आहे, तिला विचारून अर्क काढायचा. मुलं सोक्सलेट लावतात, कारण सोक्सलेट कपाटात असतो.

तू युयुच्या गोष्टीत एक बारीक खोच आहे, ती बहुतेक लेखांत सुटते. परंपरेने तिला औषध दिलं नाही, कृतीतला एक तपशील दिला: उकळू नका. आणि तो नमुना आगरच्या डिशवर नेला असता तर जंतूंच्या झोनवरून त्याचं मोल कुणालाही कळलं नसतं. मलेरियाचा परजीवी तिथे वाढतच नाही. तिच्याकडे योग्य प्रश्न होता आणि उंदीर होते.

भाचा : परंपरा मानतेस ना शेवटी?

आत्या : कुठली परंपरा? तुझा दगडी पाला मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेतला आहे. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. चरक-सुश्रुतांना ही वनस्पती दिसली असणं शक्यच नाही. पेरूही तिकडचाच.

भाचा : तर मग आणखी चांगलं. एक परदेशी तण आलं, रस्त्याकडेला पसरलं आणि आपल्या लोकांनी दोन-चारशे वर्षांत ते जखमेवर लावून पाहिलं, उपयोग झाला म्हणून ठेवलं. ग्रंथात नाही म्हणजे लोकांनी स्वतः प्रयोग केला. तुझ्या आगरची गोष्ट तरी काय? कॉख जिलेटिन वापरत होता, उन्हाळ्यात ते वितळायचं. हेसे नावाच्या सहकाऱ्याच्या बायकोने, फॅनी हेसेने, १८८१ साली सुचवलं की मी जेलीत आगर घालते, ते वितळत नाही. तुमच्या सगळ्या प्लेटा स्वयंपाकघरातून आल्यात.

आत्या : (हसून) आल्यात. पण तिचं म्हणणं खरं की खोटं हे त्याच दिवशी प्लेट ओतून बघता आलं. लोकांच्या अनुभवाची अडचण ही की कापलेली जखम पाल्याशिवायही भरते. दहातल्या आठ-नऊ भरतात. न भरलेल्या माणसाची गोष्ट कुणी सांगत नाही, तो तालुक्याला गेलेला असतो.

भाचा : म्हणून अनुभवाची किंमत शून्य करायची? सर्पगंधा आठव. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ती रुग्णांवर वापरून लिहिलं. मग मुंबईत डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव नीट मांडून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. आधी माणूस, मग प्रयोगशाळा. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य याला उलटं औषधशास्त्र म्हणतात. तुमची मुलं मात्र प्लेटपासून सुरुवात करतात आणि प्लेटवरच संपतात.

आत्या : वकिलांनी काय केलं ते तूच सांगितलंस: नीट मांडून छापलं. रक्तदाब मोजला, लिहून ठेवला. तू काय लिहून ठेवलंयस?

भाचा : केसपेपर आहेत.

आत्या : जखम किती लांब होती, किती दिवसांनी बंद झाली, फोटो, शेजारी पट्टी?

भाचा : नाही.

आत्या : कडुनिंबाच्या पेटंटचं काय झालं माहीत आहे ना? डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकी कृषी खात्याला १९९४ साली युरोपात पेटंट मिळालं, कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याचं. आपल्याकडे सगळे म्हणाले, हे आमच्या आजीला माहीत होतं. आजीची साक्ष चालली नाही. चालली ती पुण्याच्या एका उद्योजकाची, कारण १९८५-८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर त्याने कडुनिंबाच्या अर्काचे प्रयोग केले होते आणि ते दाखवता येत होते. २०००मध्ये पेटंट रद्द झालं, २००५मध्ये अपीलही गेलं.

भाचा : आणि हळदीचं? माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि जुने लेख पुढे केले, १९९७ साली रद्द झालं.

आत्या : तेच. लिहिलेलं होतं म्हणून.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने अहवाल मिटला आणि सरळ विचारलं.

भाचा : तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

आत्या : पहिल्यांदा त्वचेच्या पेशी बघितल्या असत्या. जंतू मारणाऱ्या पुष्कळ गोष्टी आपल्या पेशीही मारतात. अर्काने जंतू गेले पण नवी कातडी आली नाही, तर फायदा काय? मग ताजा रस, वाळवलेलं पान आणि तुझं तेल, तिन्ही वेगवेगळे. जंतू संग्रहातला एक आणि तुझ्याच रुग्णांच्या पुवातून आलेले चार-पाच. संग्रहातला स्टॅफिलोकोकस गरीब असतो, दवाखान्यातला निगरगट्ट. आणि स्यूडोमोनास ठेवायचाच.

भाचा : त्याच्यावर काहीच चालत नाही.

आत्या : म्हणूनच. त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं, वर पंप. ज्या अहवालात स्यूडोमोनास नाही, तो मी अर्धवट समजते. आणि ताजा पाला धुतल्याशिवाय लावायचा नाही. रस्त्याकडेचं ते, मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात.

भाचा : ते मी सोडत नाही. विळा लागलेला माणूस आला की आधी इंजेक्शनला आरोग्य केंद्रात पाठवतो, मग तेल. आणि मधुमेह्याच्या पायाला तेल लावतच नाही.

आत्या : हे अहवालात असायला हवं होतं, झोनच्या आधी.

भाचा : चल, करू. तुझ्या जुन्या विभागात एखादी मुलगी घेईल हा विषय?

आत्या : घेईल. डिसेंबरात विषय ठरतो, जानेवारीत पाला गोळा करतात, मार्चअखेर सादर.

भाचा : जानेवारीत भोरला दगडी पाला धुळीने माखलेला आणि अर्धा सुकलेला असतो. भरात असतो तो पावसात. आणि माझ्याकडे विळ्याचे घाव येतात ते भात कापणीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तुमचं प्रोजेक्ट सुरू होईपर्यंत जखमा भरून जातात.

आत्या : मग पाला ऑगस्टमध्येच तोडून ठेवावा लागेल. ऋतू बदलला की पानातली द्रव्यं बदलतात, त्यामुळे जानेवारीचाही थोडा वेगळा ठेवू, तुलनेला. एक रोप मला आघारकर संस्थेत ओळख पटवायला द्यायचं आहे.

भाचा : फुलासकट आणतो.

आत्या : मुळासकट आण. वर्तमानपत्रात दाबून, आणि वर तारीख, गाव, बांधावरचं की रस्त्याकडेचं ते लिहून. पेनने नको, पेन्सिलने लिही. पावसात शाई पसरते.